नळी कधी काढायची?

व्हेंटिलेटरवरचे काही रुग्ण डॉक्टरांच्या निर्णयासाठी थांबत नाहीत. रात्री गुंगी थोडी उतरते, मनगटाची पट्टी सैल होते आणि घशातली नळी ते स्वतःच उपसून काढतात. अतिदक्षता विभागात अशा वेळी एकच धावपळ उडते. यंत्राचे अलार्म वाजू लागतात, सिस्टर मास्क घेऊन धावतात, रेसिडेंट डॉक्टर पुन्हा नळी घालायची तयारी करतो. अनेक देशांतल्या रुग्णालयांनी या घटनांच्या नोंदी ठेवल्या आहेत आणि त्यांत एक गोष्ट वारंवार दिसते. नळी स्वतः उपटणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या रुग्णांना ती पुन्हा घालावी लागत नाही. म्हणजे या निम्म्या लोकांची यंत्राची गरज आदल्या दिवशीच, कदाचित त्याच्याही आधी, संपलेली होती. ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, इतकंच.

उरलेल्या निम्म्यांचे हाल होतात. दम लागतो, ऑक्सिजन घसरतो आणि सुजलेल्या घशातून घाईघाईने नळी घालावी लागते. डॉक्टरांनी सगळं नीट तपासून, ठरवून नळी काढली तरीही शंभरातल्या १० ते २० जणांना दोन-तीन दिवसांत ती परत लागते. अशा रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत २५ ते ५० टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. यातले बरेच जण मुळातच जास्त आजारी असतात हे खरं, पण फसलेला प्रयत्नही त्यांना आणखी खाली ओढतो.

म्हणून डॉक्टर थांबतात. 'अजून एक दिवस पाहू' हे वाक्य अतिदक्षता विभागात रोज उच्चारलं जातं आणि ऐकणाऱ्याला ते सुरक्षित वाटतं. पण यंत्रावरचा प्रत्येक जास्तीचा दिवस शरीराकडून काहीतरी वसूल करतो. नळीच्या वाटेने जंतू फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. गुंगीच्या औषधांमुळे भ्रम वाढतो, हातापायांचे स्नायू गळतात. सगळ्यात वाईट परिणाम होतो तो श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यावर. आपला श्वास मुख्यतः त्याच्या बळावर चालतो. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. हे दाते १८ ते ६९ तास यंत्रावर होते आणि त्या काळात त्यांचं श्वासपटल पूर्ण निष्क्रिय होतं. थोड्या वेळाच्या शस्त्रक्रियेपुरतं यंत्र लावलेल्या लोकांशी तुलना केली तर दात्यांच्या स्नायुतंतूंच्या छेदाचं क्षेत्रफळ निम्म्याहून अधिक घटलेलं होतं. छातीवरच्या दुसऱ्या स्नायूत मात्र तशी झीज नव्हती. तीन दिवसांच्याही आत एवढी झीज! हे वाचल्यापासून 'अजून एक दिवस पाहू' हे मला सावधगिरीचं वाक्य वाटत नाही.

एका बाजूला घाईचा धोका, दुसऱ्या बाजूला उशिराचा. मग रुग्ण स्वतःच्या श्वासावर टिकेल की नाही, हे आधी ओळखता येईल का?

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेतल्या नळीवाटे फुप्फुसात हवा ढकलण्याचा मार्ग सुचवला, आणि यंत्रं पुरेशी नसल्यामुळे सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने फुगे दाबत रुग्णांना जगवलं. आधुनिक अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथून मानतात. श्वास बाहेरून द्यायला आपण असे शिकलो, पण तो कधी थांबवायचा याचे मोजके निकष यायला आणखी वीस वर्षं जावी लागली. १९७३ साली अमेरिकेत सान आणि लक्ष्मीनारायण या डॉक्टरांनी खाटेजवळच मोजता येतील अशा काही गोष्टी मांडल्या. रुग्ण मिनिटाला एकूण किती लिटर हवा आत घेतो, आणि बंद नळीविरुद्ध पूर्ण ताकदीने श्वास ओढला तर किती दाब निर्माण करतो. मिनिटाला दहा लिटरपेक्षा कमी हवेवर भागत असेल आणि ओढ जोरदार असेल, तर रुग्ण तयार आहे असं मानायचं. निकष समंजस होते, पण वापरात ते पुरेसे ठरेनात. ओढ जोरदार असलेले रुग्णही तासाभरात थकून जात.

१९९१ साली कार्ल यांग आणि मार्टिन टोबिन यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक साधा भागाकार प्रसिद्ध केला. रुग्णाला एक मिनिट यंत्रापासून सोडवायचं. त्या मिनिटातले श्वास मोजायचे आणि एका श्वासात सरासरी किती लिटर हवा आत जाते ते मोजायचं. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर १०५ पेक्षा कमी आलं तर रुग्ण टिकण्याची शक्यता चांगली, जास्त आलं तर फसण्याची शक्यता मोठी. जगभरच्या अतिदक्षता विभागांत हा निर्देशांक आजही पाठ असतो.

यामागची कल्पना सुंदर आहे. समजा, दोन रुग्ण मिनिटाला सारखीच साडेसात लिटर हवा आत घेतात. पहिला पंधरा श्वासांत, प्रत्येकी अर्धा लिटर. दुसरा तीस श्वासांत, प्रत्येकी पाव लिटर. बेरीज तीच, पण मोठ्या माणसाच्या प्रत्येक श्वासातली सुमारे दीडशे मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिका यांतच राहते, रक्तापर्यंत पोचत नाही. पहिल्याच्या फुप्फुसाच्या कामाची हवा मिनिटाला सव्वापाच लिटर होते, दुसऱ्याची फक्त तीन लिटर. दुसरा दुप्पट वेगाने धापा टाकतोय आणि त्याच्या पदरात पडतंय खूप कमी. भागाकार केला तर पहिल्याचं उत्तर ३० येतं, दुसऱ्याचं १२०. थकत चाललेलं शरीर भराभर आणि उथळ श्वास घेऊ लागतं. अनुभवी सिस्टरना ते खाटेच्या पायथ्याशी उभं राहूनही दिसतं. यांग आणि टोबिन यांनी त्या नजरेला आकडा दिला.

आकडा किती बरोबर निघाला? त्यांनी ६४ रुग्णांवर तो पडताळून पाहिला. त्यांतले ३६ यंत्रापासून सुटले आणि २८ फसले. सुटलेल्या ३६ पैकी ३५ जणांचं भाकीत बरोबर होतं. फसलेल्या २८ पैकी मात्र १८ जणच आधी ओळखू आले. उरलेल्या दहांना निर्देशांकाने 'जमेल' म्हटलं होतं आणि त्यांना जमलं नाही. थोडक्यात, कोण सुटेल हे तो छान ओळखत होता, कोण फसेल हे ओळखताना मात्र अनेकदा चुकत होता.

(हे टोबिन काही वाचकांनी पाहिलेही असतील. २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूचा खटला चालला, तेव्हा श्वसनतज्ज्ञ म्हणून साक्ष द्यायला उभे राहिले होते ते हेच. चित्रफितीतले श्वास मोजून दाखवत त्यांनी ज्युरीला मृत्यूचं कारण समजावलं. आयुष्यभर माणसांचे श्वास मोजलेल्या डॉक्टरची ती साक्ष होती.)

पुढच्या वर्षांत अनेक ठिकाणी हा निर्देशांक तपासला गेला आणि उत्तरं एकमेकांशी जुळेनात. कुठे तो उत्तम ठरला, कुठे निरुपयोगी. टोबिन यांनी पुढे यावर जे स्पष्टीकरण दिलं, ते मला या विषयातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. चाचणी तीच असली तरी ती कोणावर करतो यावर तिच्या उत्तराचा अर्थ बदलतो.

समजा, एका विभागातल्या शंभर रुग्णांपैकी ८० जण खरोखर तयार आहेत. वरच्याच अचूकतेने चाचणी केली तर सुमारे ८५ जण 'पास' होतील आणि त्यांतले ७८ खरेच टिकतील. पास झालेल्यावर ९१-९२ टक्के विश्वास ठेवता येईल. आता दुसरा विभाग घ्या, जिथे शंभरातले ४० जणच तयार आहेत. चाचणी तीच, अचूकता तीच. तरी इथे पास होतील सुमारे ६०, आणि त्यांतले टिकतील ३९. विश्वास ६४ टक्क्यांवर आला. चाचणीत काहीच बिघडलेलं नाही, फक्त रुग्ण बदलले. त्यात आणखी एक गुंता होता. पुढच्या अनेक अभ्यासांमध्ये डॉक्टर आधीच हा निर्देशांक पाहून रुग्ण निवडत होते. वाईट आकडा असलेले रुग्ण अभ्यासात आलेच नाहीत, आणि मग उरलेल्यांत निर्देशांकाला ओळखण्यासारखं फारसं काही राहिलं नाही. शिवाय कोणी रुग्णाला यंत्राचा थोडा आधार चालू ठेवून मोजत होतं, कोणी पूर्ण सोडवून. आधार असला की श्वास खोल होतो आणि आकडा आपोआप चांगला दिसतो.

भाकिताचं शास्त्र असं पुढे जात असताना दुसऱ्या बाजूला काही संशोधकांनी वेगळा रस्ता धरला. ओळखत बसण्यापेक्षा रुग्णाला करूनच पाहू दे. स्पेनमधल्या आन्द्रेस एस्तेबान यांच्या गटाने १९९५ साली यंत्रापासून सोडवण्याच्या चार पद्धतींची तुलना केली. यंत्राचे श्वास दिवसेंदिवस हळूहळू कमी करत नेण्याची पद्धत तेव्हा लोकप्रिय होती, आणि ती ऐकायला किती समंजस वाटते! तीच सगळ्यांत मंद निघाली. दिवसातून एकदा सरळ यंत्र सोडवून, टी-पीस लावून रुग्णाला स्वतःचा श्वास घेऊ देणारी पद्धत तिच्या जवळपास तिप्पट वेगाने काम करत होती.

टी-पीसची चाचणी बघायला अगदी साधी असते. घशातली नळी तशीच ठेवायची, यंत्राऐवजी इंग्रजी 'टी'च्या आकाराची जोडणी लावून त्यातून ओला ऑक्सिजन सोडायचा आणि अर्धा ते दोन तास शेजारी थांबायचं. श्वासाचा वेग, नाडी, रक्तदाब, घाम, मानेचे स्नायू ओढले जातात का, चेहऱ्यावर घाबरेपणा येतो का, हे पाहायचं. त्रास दिसला की लगेच यंत्र परत जोडायचं. एस्तेबान यांनीच पुढे, १९९९ मध्ये, दाखवून दिलं की बहुतेकांसाठी अर्धा तास पुरतो. स्पेनमध्येच ११५३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर यंत्राचा थोडा आधार ठेवून अर्ध्या तासाची सोपी चाचणी घेतलेले ८२ टक्के रुग्ण सुटले, दोन तासांचा टी-पीस दिलेले ७४ टक्के. परीक्षा कडक केली म्हणून निकाल चांगला लागत नाही.

१९९६ चा वेस्ली इली यांचा अभ्यास मला या सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण त्यात नवं औषध नव्हतं आणि नवं यंत्रही नव्हतं. सगळ्या ३०० रुग्णांची रोज सकाळी एक छोटी तपासणी व्हायची. ऑक्सिजन पुरेसा आहे का, खोकता येतं का, रक्तदाबाची जोरदार औषधं थांबली आहेत का, वगैरे. त्यांतल्या निम्म्यांच्या गटात जो त्यातून पार पडेल त्याला दोन तास स्वतः श्वास घेऊ द्यायचा. तो जमला, तर केसपेपरवर डॉक्टरांसाठी निरोप ठेवायचा की तुमचा रुग्ण पास झाला आहे आणि पुढचे ४८ तास तो यंत्राविना राहण्याची शक्यता ८५ टक्के आहे. निर्णय डॉक्टरांचाच. एवढ्या निरोपाने यंत्रावरचा काळ सहा दिवसांवरून साडेचार दिवसांवर आला आणि गुंतागुंतही निम्म्यावर आली. रोज कोणीतरी न चुकता विचारायचं, एवढाच काय तो उपचार.

मग निर्देशांकाचं काय? २००६ साली एक थेट तुलना प्रसिद्ध झाली. सगळ्या रुग्णांचा निर्देशांक मोजला. एका गटात तो १०५ च्या आत असेल तरच पुढची चाचणी घ्यायची आणि दुसऱ्या गटात तो आकडा निर्णयासाठी वापरायचाच नाही. आकडा वापरलेल्या गटाला यंत्रापासून सुटायला तीन दिवस लागले, न वापरलेल्याला दोन. परत नळी लागण्याच्या प्रमाणात काही फरक नव्हता. आकड्याने कोणाला वाचवलं नाही, दारात अडवलं मात्र.

यातली आणखी एक कडी गुंगीच्या औषधांची. झोपवून ठेवलेल्या माणसाला श्वास घेता येतो का, हे विचारण्यात अर्थ नाही. शिकागोमध्ये जॉन क्रेस यांनी रोज एकदा गुंगीचं औषध थांबवून रुग्णाला जागं केलं, आणि यंत्रावरचा काळ ७.३ दिवसांवरून ४.९ वर आला. हा अभ्यास २००० सालचा. २००८ मध्ये रोजचं जागं करणं आणि रोजची श्वासाची चाचणी यांची जोडी लावून पाहिली गेली. त्या रुग्णांचे यंत्राविना दिवस वाढले, आणि वर्षभरानंतर पाहिलं तर त्यांच्यातले अधिक लोक जिवंत होते. या गटात स्वतः नळी उपटणारे जास्त होते हेही खरं, पण त्यामुळे पुन्हा नळी लागणाऱ्यांची संख्या वाढली नाही.

चाचणीत नापास होण्याची कारणंही नेहमी फुप्फुसात सापडत नाहीत. यंत्र हवा आत ढकलतं तेव्हा छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त थोडं कमी होतं. कमकुवत हृदयाला तो आधारच असतो. यंत्र सुटलं की स्वतःचा श्वास छातीत उलटी ओढ निर्माण करतो, हृदयाकडे रक्ताचा लोंढा येतो आणि फुप्फुसात पाणी साचतं. असा रुग्ण दहा वेळा नापास झाला तरी व्यायामाने सुधारणार नाही. त्याला लघवीवाटे पाणी काढणारं औषध हवं असतं. नापास झालेल्याला नुसतं परत यंत्रावर ठेवून दुसऱ्या दिवसाची वाट पाहणं म्हणजे चाचणीने दिलेली माहिती वाया घालवणं आहे.

आणि यंत्र सुटलं तरी नळी काढता येईल का, हा प्रश्न निराळाच. श्वास उत्तम असतो, पण खोकल्यात जोर नसतो; कफ साठतो आणि वाट बुजते. हे तपासायला अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी एक पांढरं कार्ड वापरलं. नळीच्या तोंडापासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर अंतरावर ते धरायचं, रुग्णाला तीन-चारदा खोकायला सांगायचं आणि कार्ड ओलं होतं का बघायचं. शेकडो पानांच्या पाठ्यपुस्तकांच्या जगात मला हे कार्ड फार आवडतं. त्याच गटाने २००४ साली तीन गोष्टी एकत्र पाहिल्या: खोकल्याचा जोर, कफाचं प्रमाण, आणि चार सोप्या सूचना पाळता येतात का. डोळे उघडा, नजर फिरवा, हात दाबा, जीभ बाहेर काढा. तिन्ही बाबतींत कमी पडलेले सगळे रुग्ण फसले. एकाही बाबतीत कमी न पडलेल्यांपैकी फसले फक्त तीन टक्के.

ही सूचनांची गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत कर्मचारी ठिकठिकाणाहून आलेले असतात आणि सूचना हिंदीत किंवा इंग्रजीत दिल्या जातात. अर्धवट गुंगीतल्या, ऐकू कमी येणाऱ्या, सातारा किंवा परभणीकडच्या आजींनी इंग्रजी सूचनेला प्रतिसाद दिला नाही म्हणून त्या शुद्धीवर नाहीत असं ठरवणं चूक आहे. तिथे मुलीने किंवा नातवाने कानाशी जाऊन 'आजी, माझा हात दाब' म्हटलं तर वेगळं उत्तर मिळू शकतं. श्रवणयंत्र आणि चष्मा आणून देणं हाही यातलाच भाग. बाहेर बाकावर दिवस काढणाऱ्या नातेवाइकांना 'व्हेंटिलेटर काढून पाहू' हे शब्द ऐकले की पोटात गोळा येतो, कारण त्यांनी ते आशा संपल्याच्या अर्थानेच ऐकलेले असतात. इथे ते उलट अर्थाने बोलले जात असतात. डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न दोनच आहेत: आज गुंगी थांबवून पाहिली का, आणि आज श्वासाची चाचणी झाली का? उत्तर 'नाही' असेल तर कारण विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आता हे भाकीत संगणक करू पाहतो आहे. बोस्टनमधल्या बेथ इस्रायल रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातल्या नोंदी, रुग्णांची ओळख पुसून, 'मिमिक' या नावाने संशोधकांना खुल्या केल्या आहेत आणि त्यांवर नळी कधी काढावी हे सांगणारी अनेक प्रारूपं तयार झाली आहेत. नाडी, रक्तवायू, वय, औषधं, यंत्राची प्रत्येक मिनिटाची नोंद हे सगळं ती एकदम पाहू शकतात, आणि माणसाच्या नजरेतून सुटणारा कल टिपू शकतात. मला त्यांच्याबद्दल आशा आहे, पण एक अडचण मुळातच आहे. संगणक शिकतो तो ज्यांची नळी काढली गेली त्यांच्यावरून. ज्यांची काढलीच नाही, ते त्या दिवशी टिकले असते की नाही हे कोणत्याही नोंदीत नाही. डॉक्टर जिथे विनाकारण थांबले, तिथलं उत्तर कोरंच आहे, आणि नेमकं तेच उत्तर आपल्याला हवं आहे. शिवाय बोस्टनच्या रुग्णांवर शिकलेलं प्रारूप दुसऱ्या ठिकाणी वापरलं की पुन्हा तोच प्रश्न येतो: तयार रुग्णांचं प्रमाण इथे किती?

हा उशीर किती मोठा आहे, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'वीन सेफ' या अभ्यासात दिसलं. ५० देशांतले ४८१ अतिदक्षता विभाग आणि ५८६९ रुग्ण. ९० दिवसांत ६५ टक्के यंत्रापासून सुटले. आणि जवळपास पाचातल्या एका रुग्णाच्या बाबतीत, सोडवून पाहण्याचे निकष पूर्ण झाल्यानंतरही पहिला प्रयत्न व्हायला पाच किंवा अधिक दिवस लागले.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात एक खास रुग्णालय आहे. इतर अतिदक्षता विभागांत आठवडेच्या आठवडे प्रयत्न करूनही जे यंत्रापासून सुटले नाहीत, अशा गळ्याला छिद्र पाडून नळी बसवलेल्या रुग्णांना तिथे पाठवतात. टोबिन आणि अमल जुब्रान यांनी दहा वर्षं तिथे सोडवण्याच्या दोन पद्धतींची तुलना केली आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोज यंत्र पूर्ण सोडवून गळ्यातल्या नळीवाटे श्वास घेऊ देणारी पद्धत सरस ठरली: मध्यक काळ १५ दिवस, दुसरीचा १९. पण त्याच अभ्यासातली एक आधीची पायरी मला जास्त बोलकी वाटते. तुलना सुरू करण्यापूर्वी आलेल्या पाचशे रुग्णांचं यंत्र पाच दिवसांपर्यंत सरळ सोडवून पाहिलं गेलं. जवळपास एक तृतीयांश रुग्णांनी ते पाचही दिवस यंत्राविना, त्रासाशिवाय काढले. त्यांच्यावर तिथे कुठलीच पद्धत वापरावी लागली नाही.